मुदतीविना: ‘द स्टोन रोझेस’च्या दुसऱ्या अल्बमचे प्रकरण

५ डिसेंबर १९९४ रोजी ‘सेकंड कमिंग’ हा अल्बम ब्रिटनमधील दुकानांत आला, तेव्हा ‘द स्टोन रोझेस’ या मँचेस्टरच्या बँडच्या पहिल्या अल्बमला साडेपाच वर्षे होऊन गेली होती आणि चौघांनी श्रोत्यांसमोर शेवटचे वाजवले त्याला साडेचार. या काळात ब्रिटनचा पंतप्रधान बदलला, सोव्हिएत संघ नकाशावरून गेला आणि पूर्वी यांच्या मैफलींना श्रोते म्हणून जाणारे गॅलाघर बंधू स्वतःच्या ‘ओएसिस’ या बँडचा पहिला अल्बम काढून ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आठवण करून देणारे नाव घेऊन आलेल्या अल्बमकडून लोकांच्या काय अपेक्षा असतील, हे सांगायला नको. त्या पुऱ्या झाल्या नाहीत आणि दोन वर्षांच्या आत बँडही उरला नाही.

हे प्रकरण बहुधा आळस, अहंकार, अमली पदार्थ आणि लांबलचक गिटार यांची कथा म्हणून सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण या चारही गोष्टी असूनही वेळेवर उत्तम अल्बम काढणारे बँड कमी नाहीत. कागदपत्रे, तारखा आणि प्रत्यक्ष संगीत समोर ठेवून पाहिले तर मला हे प्रकरण मुदतीचे वाटते. कंपनीवर कोणतीही मुदत न घालणाऱ्या एका कराराने बँडला अडकवले, न्यायालयाने तो करार मोडून काढला, आणि सुटका झालेल्या बँडने स्वतःवरही कोणती मुदत राहू दिली नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. गायक इअन ब्राऊन, गिटारवादक जॉन स्क्वायर, ड्रमवादक रेनी (अॅलन रेन) आणि १९८७ मध्ये आलेले बासवादक मॅनी (गॅरी माउनफील्ड) या चौघांचा पहिला अल्बम मे १९८९ मध्ये बँडच्याच नावाने ‘सिल्व्हरटोन’ कंपनीने काढला. निर्माते होते जॉन लेकी. अल्बमला यश आले ते हळूहळू. सुरुवातीला तो यादीत बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि १९९० च्या आरंभी एकोणिसाव्या. परंतु त्या वर्षभरात मँचेस्टरच्या क्लबांतील नृत्यसंगीत आणि गिटारचा रॉक यांची जी सरमिसळ झाली, तिचे केंद्र हा बँड ठरला. नोव्हेंबर १९८९ मध्ये आलेले ‘फूल्स गोल्ड’ हे जवळजवळ दहा मिनिटांचे, एकाच ठेक्यावर फिरत राहणारे गाणे आठव्या क्रमांकावर गेले. २७ मे १९९० रोजी चेशायरमधील विडनेसजवळच्या स्पाइक आयलंडवर, रासायनिक कारखान्यांच्या सान्निध्यात, सुमारे सत्तावीस हजार लोक त्यांना ऐकायला जमले. वाऱ्यामुळे आवाज धड पोहोचत नव्हता, अशी तक्रार तिथे गेलेले आजही करतात, तरी आपण तिथे होतो हे सांगायला विसरत नाहीत. त्यानंतर ९ जून रोजी ग्लासगो ग्रीन येथे तंबूत कार्यक्रम झाला. त्यापुढचा कार्यक्रम व्हायला एप्रिल १९९५ उजाडावा लागला.

या बँडला लावल्या जाणाऱ्या ‘इंडी’ (स्वतंत्र) या शब्दाबद्दल एक खुलासा इथेच करून ठेवतो. मूळ अर्थाने इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून रेकॉर्ड काढणारे. सिल्व्हरटोन मात्र ‘झोंबा’ या मोठ्या संगीत-व्यवसायाची शाखा होती. म्हणजे १९८९ मध्येच हा शब्द मालकीपेक्षा शैलीचा आणि पेहरावाचा वाचक होऊ लागला होता. स्वतंत्र म्हणवणाऱ्या कंपनीचा करार मोठ्या कंपनीच्या करारापेक्षा उदार असतो, हा समज या प्रकरणात पार खोटा ठरला.

करार

बँडने हा करार १९८८ मध्ये केला, तेव्हा त्यांचे व्यवस्थापन मँचेस्टरमधील क्लबचालक गॅरेथ एव्हन्स यांच्याकडे होते. मुले विशीतली होती आणि नोकरीधंद्याचा फारसा आधार नव्हता. करार पाहणाऱ्या वकिलाला संगीत-व्यवसायातील करारांचा अनुभव नव्हता, हे पुढे न्यायालयातच निघाले. अशा वेळी समोर आलेल्या छापील मसुद्यावर सही होते. ती का झाली, याचे आश्चर्य वाटू नये.

१९९० च्या उन्हाळ्यानंतर बँडने दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची तयारी सुरू केली, तेव्हा सिल्व्हरटोनने न्यायालयातून मनाई हुकूम आणला आणि त्यांचे ध्वनिमुद्रण थांबले. उलट बाजूने बँडने करारच अवैध असल्याचा दावा केला. २० मे १९९१ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती हम्फ्रीज यांनी निकाल दिला. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘सिल्व्हरटोन रेकॉर्ड्स विरुद्ध माउंटफील्ड’ म्हणून नोंदला गेला आहे. मॅनी यांच्या आडनावात नसलेला एक ‘ट’ तिथे घुसला आणि कायमचा राहिला.

निकालाचा गाभा मुदतीशी संबंधित आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. करारान्वये बँड केवळ या एकाच कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करू शकत होता. पुढचे अल्बम करून घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचे पर्याय कंपनीच्या हाती होते. मात्र केलेले ध्वनिमुद्रण ठरावीक काळात, किंबहुना कधीही, प्रकाशित करण्याचे बंधन कंपनीवर नव्हते. याचा व्यवहारात अर्थ असा, की कंपनीने मनात आणले असते तर बँडचे काम कपाटात ठेवून त्याला अनिश्चित काळ निष्क्रिय करता आले असते, आणि तेवढ्या काळात बँडला दुसरीकडे जाता आले नसते. दोन्ही पक्षांच्या सौदाशक्तीतील तफावत, मिळालेल्या सल्ल्याची गुणवत्ता आणि हा एकतर्फीपणा लक्षात घेऊन न्यायालयाने करार व्यवसाय-स्वातंत्र्यावरचा अवाजवी निर्बंध ठरवला आणि त्यातून बँडला मोकळे केले. गाण्यांच्या प्रकाशन-हक्कांचा करारही त्याला जोडलेला असल्याने तोही गेला.

या निकालाला पूर्वाधार होता. १९७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, टोनी मॅकॉले या गीतकाराच्या प्रकरणात, एकवीस वर्षांच्या मुलाकडून करून घेतलेला आणि प्रकाशकावर गाणी प्रकाशित करण्याची सक्ती नसलेला करार याच तत्त्वावर अमान्य केला होता. आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत सरळ शून्य ठरवते. इंग्लंडमध्ये तसे लिखित कलम नाही; तिथे निर्बंध वाजवी आहे का, ही कसोटी न्यायालय प्रत्येक वेळी लावते, त्यामुळे निकालाची खात्री आधीपासून कोणालाच देता येत नाही. १९९४ मध्ये गायक जॉर्ज मायकेल सोनी कंपनीविरुद्ध याच मुद्द्यावर गेले आणि हरले. त्यांनी नामांकित वकिलांच्या सल्ल्याने करार वेळोवेळी नव्याने ठरवून घेतला होता. स्टोन रोझेस जिंकले, त्याचे एक मोठे कारण असे की त्यांना सल्ला चांगला मिळाला नव्हता. अननुभवाचा इतका थेट लाभ क्वचितच कोणाला झाला असेल.

दरम्यान जुन्या कंपनीकडे पहिल्या अल्बमचे हक्क राहिलेच होते. तिने त्यातली गाणी एकामागून एक सिंगल, म्हणजे सुट्या रेकॉर्ड, म्हणून बाजारात आणली आणि १९९२ च्या उन्हाळ्यात सुट्या गाण्यांचा ‘टर्न्स इंटू स्टोन’ हा संग्रह काढला. श्रोत्याच्या दृष्टीने पाहिले तर बँड गप्प होता तरी त्याचा भूतकाळ बोलतच होता. दुसऱ्या अल्बमला झाकोळून टाकणारी पहिल्या अल्बमची सावली काही अंशी या विक्रीनेही लांबवली.

उचल

निकालानंतर बँडने अमेरिकेच्या ‘गेफेन’ कंपनीशी करार केला. पाच अल्बमसाठी एकूण दोन कोटी डॉलरच्या घरातला हा व्यवहार असल्याचे त्या वेळी छापून आले होते. सिल्व्हरटोनच्या अपिलामुळे पुढे आणखी वेळ गेला.

संगीत-व्यवसायातील आगाऊ रकमेला मराठीत नेमका शब्द हवा असेल तर तो ‘उचल’ हाच आहे. ऊसतोडणी कामगाराला हंगामाआधी मिळणारी रक्कम जशी पुढच्या कामातून फेडायची असते, तशीच ही रक्कमही पुढच्या रॉयल्टीतून वळती होते. फरक असा, की तोडणी कामगाराला उचल घेतली की फडावर जावेच लागते आणि कारखान्याचा हंगाम त्याची वाट पाहत नाही. गेफेनच्या उचलीमागे असा हंगाम नव्हता. कंपनीने घाई केली नाही, आणि १९९१ च्या शरद ऋतूत तिच्याच घरातला ‘निर्वाणा’ अनपेक्षितपणे जगभर गाजल्यावर मँचेस्टरकडे रोज लक्ष ठेवण्याची तिला निकडही राहिली नसावी. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे. १९९३ मध्ये मात्र गेफेनमधील त्यांचे मुख्य पाठीराखे गॅरी गर्श हे कॅपिटॉल कंपनीत निघून गेले, ही वस्तुस्थिती आहे.

बँडच्या बाजूलाही कोणी राहिले नव्हते. एव्हन्स यांच्याशी संबंध तुटले होते. ज्यांच्याकडे व्यवस्थापन सोपवण्याचे चालले होते ते प्रसिद्धी-व्यवस्थापक फिलिप हॉल डिसेंबर १९९३ मध्ये कर्करोगाने वारले. म्हणजे अल्बम घडण्याच्या ऐन काळात ‘काम कुठवर आले?’ असे अधिकाराने विचारणारा माणूस अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर उरला नव्हता. पूर्वी एकाच शहरात राहून जवळजवळ रोज तालमीला जमणारे हे चौघे आता निरनिराळ्या ठिकाणी राहू लागले होते. घरात मुले आली होती. ही कारणे माणूस म्हणून रास्तच आहेत. बँडच्या अंगवळणी पडलेल्या तालमीला मात्र ती मारक ठरली.

ध्वनिमुद्रण

काम प्रथम १९९२ मध्ये उत्तर वेल्समधील युलो येथे फिरत्या स्टुडिओच्या मदतीने सुरू झाले. निर्माते पुन्हा लेकीच होते. थोडे काम, मग महिनोन्महिने खंड, पुन्हा थोडे काम, असे ते चालले. १९९३ च्या उन्हाळ्यात मुक्काम दक्षिण वेल्समधील मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत हलला, जिथे पहिल्या अल्बमचेही काही काम झाले होते. या टप्प्यावर लेकी बाहेर पडले. बँडची तयारी पुरेशी नाही, असे त्यांचे मत होते. पहिल्या अल्बमचे ध्वनिअभियंते पॉल श्रोडर यांनी सूत्रे घेतली, पुढे तेही गेले, आणि शेवटी रॉकफील्डचेच अभियंते सायमन डॉसन यांच्यासह अल्बम पुरा झाला. एका अल्बमने तीन निर्माते पाहिले.

याच मॉनमथ परिसरात, मॉनो व्हॅली स्टुडिओत, १९९४ च्या सुरुवातीला ओएसिसने पहिल्या अल्बमचा पहिला प्रयत्न केला. तो फसला, म्हणून त्यांनी तो टाकून दिला, दुसरीकडे पुन्हा मुद्रण केले, आणि ऑगस्टअखेर अल्बम दुकानांत होता. काही मैलांच्या अंतरावर एकच वर्ष दोन बँडसाठी इतक्या वेगळ्या गतीने गेले.

तुलनेसाठी याहून नेमके उदाहरण स्वतः लेकी यांनीच पुरवले आहे. स्टोन रोझेसना सोडल्यानंतर १९९४ मध्ये त्यांनी ‘रेडिओहेड’ या ऑक्सफर्डशायरच्या बँडचा दुसरा अल्बम, ‘द बेंड्स’, हाती घेतला. निर्माता तोच आणि ‘दुसरा अल्बम’ हे दडपणही तेच. पहिल्या अल्बममधील एकाच गाण्याने जगभर ओळख दिल्याने कंपनीला तसेच दुसरे गाणे हवे होते, आणि लंडनच्या आरएके स्टुडिओतील पहिले आठवडे रखडले. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्या आहेत. मग रेडिओहेडने काम थांबवून परदेश दौरा केला, नवी गाणी लोकांसमोर वाजवली आणि परत आल्यावर उरलेला अल्बम बराच झपाट्याने संपवला. त्यातील एका गाण्याचा बराचसा भाग तर मे १९९४ मधील लंडनच्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणातूनच घेतला आहे. मार्च १९९५ मध्ये आलेल्या त्या अल्बमची प्रतिष्ठा आज त्यांच्या पहिल्या अल्बमपेक्षा कितीतरी मोठी आहे. दोन बँडांच्या गुणवत्तेची तुलना मला करायची नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच, की अडलेले काम एका ठिकाणी श्रोत्यांसमोर नेऊन मोकळे करण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी ते स्टुडिओच्या आतच फिरत राहिले. जून १९९० ते एप्रिल १९९५ या काळात स्टोन रोझेसचा एकही कार्यक्रम झाला नाही. नवे गाणे सभागृहात कुठे ढिले पडते, कुठल्या कडव्याला माणसे आपसांत बोलू लागतात, हे कळण्याचा मार्गच त्यांनी बंद करून घेतला होता.

प्रत्यक्ष अल्बम

मुदत नसल्याचा परिणाम ऐकू येतो का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते येतो, आणि तो केवळ लांबीत नाही. पहिला अल्बम पन्नास मिनिटांच्या आतला आहे आणि दुसरा सहासष्ट मिनिटांच्या आसपास, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ‘फूल्स गोल्ड’ही लांबच होते.

सुरुवातीचे ‘ब्रेकिंग इंटू हेवन’ अकरा मिनिटांहून मोठे आहे आणि त्याची पहिली चार मिनिटे पाणी, जंगलातले वाटणारे आवाज, दूरचे ढोल आणि गिटारचे तुकडे यांत जातात. साडेपाच वर्षे थांबलेल्या श्रोत्याला आणखी चार मिनिटे थांबवणे ही थट्टा असेल तर ती चांगली आहे. परंतु गाणे सुरू झाल्यावर एक गोष्ट कानाला जाणवते. पहिल्या अल्बममध्ये गिटार ठेक्याच्या अंगाने, त्याच्या फटींतून वाजत होती. इथे ती सर्वांच्या पुढे उभी आहे. स्क्वायर यांनी मधल्या काळात सत्तरीच्या दशकातील ब्लूज-रॉकचा मोठा अभ्यास केला, आणि त्याची प्रचिती ‘ड्रायव्हिंग साउथ’सारख्या गाण्यात पहिल्या सुरापासून येते. हात विलक्षण तयार आहे. मात्र एकट्याने, स्वतःच्या खोलीत, घड्याळ न पाहता केलेल्या रियाजाची तयारी आणि चौघांनी एकत्र बसून काढलेल्या गाण्याची तयारी या वेगळ्या गोष्टी आहेत.

श्रेयनामावली हेच सांगते. पहिल्या अल्बमवर गाणी ‘स्क्वायर-ब्राऊन’ अशा जोडनावाने आहेत. दुसऱ्यावर बहुतेक गाणी एकट्या स्क्वायर यांच्या नावावर आहेत, ‘स्ट्रेट टू द मॅन’ एकट्या ब्राऊन यांचे, आणि ‘डेब्रेक’ चौघांचे मिळून. गाणी कोणी लिहिली यापेक्षा ती कशी लिहिली गेली हे इथे महत्त्वाचे आहे. पूर्वी दोघे समोरासमोर बसत, एकाच्या चालीला दुसरा ओळ देई. आता एकाने पूर्ण करून आणलेले गाणे इतरांनी वाजवायचे, असा व्यवहार झाला. ब्राऊन यांचा आवाज हा कधीच ताकदीचा आवाज नव्हता. अर्धवट कुजबुजीसारख्या त्याच्या खोडकर बेफिकिरीवर पहिला अल्बम उभा होता आणि रेनी यांच्या वरच्या पट्टीतील साथीने त्याला पंख दिले होते. जड गिटारच्या चालींवर तोच आवाज ओझे उचलणाऱ्या माणसासारखा ऐकू येतो. दोष आवाजाचा नाही. चाल बांधताना तो आवाज समोर बसलेला नव्हता.

मला सर्वांत जास्त खंत ठेक्याच्या जोडीबद्दल वाटते. रेनी आणि मॅनी ही त्या काळच्या ब्रिटिश रॉकमधील सर्वांत लवचीक जोडी होती, असे मी बेलाशक म्हणेन. ‘डेब्रेक’ ऐकावे: चौघांनी वाजवता वाजवता जमवलेल्या या गाण्यात बास पुढे सरकते, ड्रम्स तिला हुलकावणी देतात, गिटार अधूनमधून आत डोकावते आणि ब्राऊन मोकळेपणाने गातात. शब्दांच्या दृष्टीने ते फार मोठे गाणे नाही, चालीच्या दृष्टीनेही नाही, पण अल्बममध्ये चौघे एका खोलीत आहेत याची खात्री पटणारी ती मोजकी मिनिटे आहेत. ‘बेगिंग यू’ वेगळ्या वाटेने जाते. नृत्यसंगीताचा कर्कश, फिरता ठेका आणि त्यावर पसरलेली गिटार ऐकताना १९८९ च्या स्टोन रोझेसनी १९९४ मध्ये काय करायला हवे होते, याचा एक उलगडा होतो. तो रस्ता अल्बमने एकदाच घेतला.

‘टेन स्टोरी लव्ह साँग’ हे पहिल्या अल्बमच्या सर्वांत जवळचे आणि बहुधा सर्वांच्या आवडीचे गाणे. ‘टाइटरोप’मधील साधी, सर्वांनी मिळून म्हटलेली साथही मनात राहते. शेवटचे ‘लव्ह स्प्रेड्स’, ज्यात ख्रिस्त कृष्णवर्णीय स्त्रीच्या रूपात येतो, स्लाइड गिटारच्या आळसटलेल्या डौलाने पुढे सरकते आणि अल्बमच्या जड शैलीचे सर्वांत यशस्वी उदाहरण ठरते, कारण त्यात गिटारएवढाच ठेकाही ठासून वाजतो. मधली काही गाणी मात्र, माझ्या मते, दुसऱ्या कोणाचा तरी निकड असलेला हात पडला असता तर निम्मी झाली असती. सीडी संपल्यावर बरीच मिनिटे शांतता ठेवून ९० व्या ट्रॅकवर एक विस्कळीत विनोदी वादन लपवले आहे. वेळेची चैन कोणत्या थराला गेली होती, याचा तो बिचारा पुरावा.

प्रकाशनानंतर

आकड्यांत हा अल्बम अपयशी नव्हता, आणि हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. ब्रिटनच्या यादीत तो चौथ्या क्रमांकावर आला, जिथे पहिला अल्बम कधीच पोहोचलेला नाही. पहिल्याचा सर्वोच्च क्रमांक पाचवा, तोही २००९ मधील विसाव्या वर्षाच्या पुनर्प्रकाशनानंतर. नोव्हेंबरमध्ये आलेले ‘लव्ह स्प्रेड्स’ दुसऱ्या क्रमांकावर गेले, जे बँडच्या कोणत्याही सिंगलपेक्षा वरचे होते. अमेरिकेतही अल्बम पहिल्यापेक्षा वर, सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर पोहोचला. फसला तो अपेक्षेच्या तुलनेत. नाताळच्या गर्दीत, जेव्हा ‘द ब्यूटिफुल साउथ’चा निवडक गाण्यांचा संग्रह आणि बीटल्सचे जुने बीबीसी ध्वनिमुद्रण घरोघर भेट म्हणून जात होते, तेव्हा हा अल्बम आणण्यामागे कोणता हिशेब होता ते कळणे अवघड आहे. शिवाय पहिली मुलाखत त्यांनी संगीत-साप्ताहिकांना न देता बेघर लोक रस्त्यावर विकतात त्या ‘द बिग इश्यू’ला दिली. निर्णय उमदा होता, आणि परीक्षणे लिहिणारी मंडळी तो विसरली नाहीत.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. दौरा तोंडावर आलेला असताना, १९९५ च्या वसंतात, रेनी बँड सोडून गेले. रॉबी मॅडिक्स यांना ड्रम्सवर घेऊन १९ एप्रिल रोजी ऑस्लो येथे कार्यक्रम झाला. जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात मुख्य मानाची जागा होती. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सायकलवरून पडून स्क्वायर यांचे खांद्याजवळचे हाड मोडले, आणि ती जागा ‘पल्प’ या बँडला मिळाली. त्या एका रात्रीने पल्पचे आयुष्य बदलले. एप्रिल १९९६ मध्ये स्क्वायर गेले. ऑगस्टमध्ये रेडिंग महोत्सवात ब्राऊन आणि मॅनी हे दोघेच मूळ सदस्य मंचावर होते; गिटार अझीझ इब्राहिम यांच्याकडे होती. तो कार्यक्रम फार वाईट झाला असे सर्वजण सांगतात. ऑक्टोबरमध्ये बँड संपल्याचे जाहीर झाले. गेफेनच्या पाच अल्बमांपैकी एक झाला होता.

या घटनाक्रमात अल्बम हे फुटीचे कारण होते की फुटीचे दृश्य रूप, याबद्दल मतभेद आहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे. १९९० मध्ये मनाई हुकूम आला तेव्हा हे चौघे एका दिशेने धावत होते. हुकुमाने त्यांना थांबवले, पण एकमेकांपासून दूर केले नाही. न्यायालयात तर ते एकजुटीने उभे राहिले. त्याआधी, जानेवारी १९९० मध्ये, सिल्व्हरटोनच्याही आधीच्या ‘एफएम रिव्हॉल्व्हर’ या कंपनीने परवानगीशिवाय काढलेल्या चित्रफितीचा राग येऊन वुल्व्हरहॅम्प्टनमधील तिच्या कार्यालयावर रंग ओतायलाही चौघे मिळूनच गेले होते आणि दंडही चौघांनी मिळूनच भरला होता. समोर प्रतिपक्ष असेपर्यंत त्यांचा बँड होता. तो नाहीसा झाल्यावर, खात्यात पैसे आणि पुढ्यात मोकळी वर्षे असताना, प्रत्येक जण आपापल्या घरी गेला. ब्राऊन आणि स्क्वायर दोघांनीही पुढे स्वतंत्रपणे चांगले काम केले आणि मॅनी ‘प्रायमल स्क्रीम’मध्ये गेले, म्हणजे गुणवत्ता आटली होती, असेही म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये चौघांनी पुन्हा एकत्र येत असल्याचे जाहीर केले. पुढच्या उन्हाळ्यात मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये तीन रात्री कार्यक्रम झाले, ज्यांची सव्वादोन लाखांच्या आसपास तिकिटे सव्वा तासाच्या आतच खपली होती. वाजवली ती मुख्यतः पहिल्या अल्बमची आणि त्याच काळातली गाणी. दुसऱ्या अल्बममधून ‘टेन स्टोरी लव्ह साँग’ आणि ‘लव्ह स्प्रेड्स’ ही गाणी यादीत होती. १९९५ चा दौरा सुरू होण्याआधीच रेनी गेले असल्याने, स्टुडिओत ज्यांचे ड्रम्स त्यांनी वाजवले ती ही गाणी श्रोत्यांसमोर वाजवण्याची वेळ त्यांच्यावर प्रथम आली ती २०१२ मध्ये, अल्बम दुकानांत आल्यानंतर सतरा वर्षांनी.